‘अजून एक मारतो’ म्हणू नका: भुसावळजवळच्या गोल्फ-नियमांच्या वर्गाबद्दल

आधी कामाचं सांगतो. दोन रविवार, सकाळी ७ ते दुपारी १, फी १,५०० रुपये, त्यात चहा-पोहे आणि दोन्ही दिवसांचं जेवण. भुसावळहून जळगावकडे जाताना महामार्ग सोडून आत गेलं की ६ होलचं एक छोटं मैदान लागतं. एका अंगाला केळीची बाग, दुसऱ्या अंगाला नाला, मधे गवत थोडं आणि काळी जमीन जास्त. होलभोवती असतात तशा हिरवळीच्या ग्रीन इथे नाहीत. लष्करी छावण्यांच्या मैदानांवर असायचे तसे वाळूचे ‘ब्राऊन’ आहेत. मैदान एक निवृत्त सुभेदार चालवतात. नोकरीत असताना छावणीच्या गोल्फ मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती आणि नियमांचा अभ्यास त्यांनी तिथेच केला. वर्गाचा विषय एकच: बॉल हरवला किंवा हरवल्यासारखा वाटला, तर पुढे काय करायचं.

एवढ्या एका विषयाला १२ तास कशाला, असं आमचे चोपड्याचे आप्पाही म्हणाले होते. मी त्यांना माझी डिसेंबरची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचीही फी भरली. ती गोष्ट इथे सांगणं भाग आहे, कारण या वर्गाला मी कशासाठी मानतो ते तिच्यावाचून कळणार नाही.

मी रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी लहान स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या मुलाने त्याचा जुना सेट दिला आणि साठीनंतर हा खेळ लागला. डिसेंबरात दुसऱ्या शहरातल्या एका मैदानावर ज्येष्ठांची स्पर्धा होती. चौथ्या होलवर माझा टी-शॉट, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून (टीवरून) मारलेला पहिला फटका, उजवीकडे बाभळीच्या झुडपांत गेला. टीवरून काहीच दिसेना. पुढे जाऊन शोधायचं, नाही मिळाला तर पुन्हा टीपर्यंत मागे यायचं, मागचा गट ताटकळणार. म्हणून मी म्हणालो, “थांबा, अजून एक मारतो.” मारला. सरळ फेअरवेच्या, म्हणजे टीपासून होलकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्याच्या, मधोमध गेला. मग झुडपांशी गेलो तर दोनेक मिनिटांत पहिला बॉल मिळाला, तोही मारता येईल अशा जागी. मी तो खेळलो, दुसरा उचलून खिशात टाकला, होल पूर्ण केलं आणि पाचव्या टीवर गेलो.

त्यानंतरचे १४ होल मी जे खेळलो त्यांना स्पर्धेच्या हिशेबात काहीच अर्थ उरला नव्हता, हे मला संध्याकाळी कळलं. फटक्यांच्या नोंदीचं कार्ड सही करून दिल्यावर आमच्याच गटातल्या एकाने समितीला जाऊन सांगितलं. समितीने बोलावून मला एकच प्रश्न विचारला: दुसरा बॉल मारण्याआधी तोंडाने नेमके कोणते शब्द बोललात? जे बोललो होतो ते मी अक्षरशः सांगितलं. कार्ड बाद झालं.

निकाल बरोबर होता, आणि का बरोबर होता ते मला सुभेदारांनी समजावलं. टीवरून दुसरा बॉल मारताना तो प्रोव्हिजनल (पहिला न मिळाल्यास खेळायचा तात्पुरता बॉल) आहे असं स्पष्ट सांगितलं नाही, तर तो प्रोव्हिजनल नसतोच. तो मारल्याक्षणी तोच खरा बॉल होतो, एक स्ट्रोक (फटका) आणि अंतर (मागच्याच जागेवरून पुन्हा मारणं) अशा दुहेरी दंडासकट. म्हणजे पहिला शॉट एक, दंडाचा एक, आणि टीवरून मारलेला तो दुसरा बॉल हा माझा तिसरा स्ट्रोक. झुडपातला पहिला बॉल त्याच क्षणी खेळातून बाद झाला होता. तो सापडला काय, न सापडला काय. मी तो मारला म्हणजे चुकीचा बॉल खेळलो. त्याचा दंड आणखी दोन स्ट्रोक. एवढ्यावरही निभावलं असतं, पण चुकीचा बॉल खेळल्याची दुरुस्ती पुढच्या होलचा पहिला शॉट मारण्याआधी करावी लागते. मी पाचव्या टीवर बॉल मारला आणि तिथे दार बंद झालं.

निकालाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार गटातल्या त्या लोकांबद्दल आहे, ज्यांना हे चौथ्या होलवरच माहीत होतं. खेळताना क्लब (मारायची काठी) कोणता घ्यावा, कसं मारावं हे प्रतिस्पर्ध्याला सांगता येत नाही, तो सल्ला ठरतो. नियम काय आहे हे सांगणं मात्र सल्ल्यात मोडत नाही. कोणीही कोणालाही सांगू शकतो, दंड नाही. झुडपाशी उभं असताना कोणी एक वाक्य बोललं असतं तर मी मुकाट्याने फेअरवेतल्या बॉलकडे चालत गेलो असतो. हे मला अजून लागतं.

तर अशा अवस्थेत मी या वर्गाला गेलो. पहिल्या रविवारी आम्ही २२ जण होतो. बहुतेक जळगाव-भुसावळचे, धुळ्याचे तिघे, आप्पा चोपड्याहून. आमच्यात दोनच बायका, त्यातल्या एक औषधांच्या दुकानवाल्या ताई साऱ्या वर्गात सगळ्यांत चांगलं मारायच्या. सुभेदारांनी फळा वगैरे काही मांडला नाही. सगळ्यांना पहिल्या टीवर नेलं, केळीच्या बाजूला मुद्दाम एक बॉल मारला आणि प्रत्येकाला म्हणाले, “आता तुम्ही दुसरा मारणार आहात. मारायच्या आधी जे बोलाल ते मी लिहून घेणार.”

२२ जणांची २२ वाक्यं त्यांनी वहीत उतरवली. “आणखी एक घेतो.” “दुसरा ट्राय करतो.” “परत मारतो हं.” एक जण तर काहीच बोलला नाही, नुसता हात वर केला. मग वही वाचत त्यांनी एकेकाचा निवाडा केला. नियम १८.३ सांगतो की ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द वापरा, नाहीतर आपण त्याच नियमाने खेळतोय हे दुसऱ्या कोणत्या तरी पद्धतीने स्पष्ट करा. ‘अजून एक मारतो’ यात हेतू कळत नाही. ‘पहिला नाही मिळाला तर असावा म्हणून अजून एक मारतो’ यात कळतो. सहा शब्दांचा फरक, पण पहिल्या वाक्याने बॉल खरा होतो आणि दुसऱ्याने तात्पुरता राहतो. आमच्या २२ वाक्यांपैकी ६ टिकली. ताईंचं टिकलं, आप्पांचंही. ते म्हणाले होते, “पयला सापडना नई तर कामले यी, म्हनीसन हाऊ मारस.” (पहिला नाही सापडला तर कामाला येईल, म्हणून हा मारतो.) सुभेदारांनी ते अहिराणीतच वहीत लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली.

माझ्यापाशी आल्यावर त्यांनी वही मिटली. “मास्तर, तुम्ही गेटवाल्याकडून प्रायव्हेट नंबर घेतल्याशिवाय सिग्नल द्यायचात का?” 

नाही द्यायचो. गेट बंद आहे असं फोनवर नुसतं ऐकून भागत नाही. गेटवाला आपल्या तक्त्यातला नंबर देतो, आपण तो लिहितो, आपला देतो, तो लिहितो. ‘हो हो, झालं’ हे बोलणं नव्हे. ठरलेला शब्द ठरलेल्या वेळी, गाडी सोडण्याच्या आधी उच्चारायचा. गाडी निघून गेल्यावर कितीही सांगा की माझ्या मनात तसंच होतं. हे ज्याने इतकी वर्षं केलं त्यानेच टीवर ‘थांबा, अजून एक’ असं मोघम बोलावं, हे माझ्या त्याच दिवशी नीट ध्यानात आलं. सुभेदारांनी प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलं असं काहीतरी काढून दाखवलं. ताईंना त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून विचारलं. या माणसाची शिकवण्याची हातोटी या वर्गातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

एक बारकावा त्यांनी सांगितला तो नवीन होता. शब्द मारण्याच्या आधीच उच्चारायला हवा. पण आसपास ऐकायला कोणीच नसेल, तर बॉल मारून मग भेट होईल तेव्हा सांगितलं तरी चालतं. आणि शोधायला पुढे गेल्यावर मनात आलं की आपण प्रोव्हिजनल मारायला हवा होता, तर? पूर्वी पुढे शोधायला गेल्यावर मागे फिरून प्रोव्हिजनल मारता येत नसे. २०१९ पासून ३ मिनिटं संपायच्या आत मागे येऊन मारता येतो. ऐकायला सोयीचं आहे, पण घड्याळ तोवर चालूच असतं.

या ३ मिनिटांचा सराव त्यांनी स्टॉपवॉच लावून घेतला. बॉल गवतात आधीच लपवलेले होते. २०१९ पर्यंत शोधायला ५ मिनिटं मिळायची. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून नियमांची सगळी मांडणीच नव्याने झाली, ३४ नियमांचे २४ झाले, आणि शोधायची मुदत ३ मिनिटांवर आली. ही ३ मिनिटं खेळणारा किंवा त्याचा कॅडी (सामान वाहणारा मदतनीस) शोधायला लागल्यापासून मोजायची. जोडीने खेळत असाल तर जोडीदार किंवा त्याचा कॅडी लागल्यापासूनही. सोबतचे दुसरे खेळाडू आधी पोचून झुडपं ढवळत असतील तर तो वेळ तुमच्या खात्यात येत नाही. मधे दुसऱ्या गटाला जाऊ देण्यासाठी बाजूला उभं राहावं लागलं तर तेवढा वेळ धरत नाहीत. आणि अडीच मिनिटांवर बॉल दिसला, पण काट्यात असल्यामुळे ओळखायला वेळ लागतोय, तर ओळखण्यापुरता वाजवी वेळ मिळतो. ३ मिनिटांत सापडायला हवा, ओळख पटायला थोडं पुढे गेलं तरी चालतं.

प्रत्यक्षात ३ मिनिटं किती कमी असतात ते तिथे कळलं. मी आणि आप्पा गुडघाभर वाळक्या गवतात फिरतोय, सुभेदार मागून “एक मिनिट झालं” म्हणताहेत, आणि आम्ही अजून चुकीच्याच पट्ट्यात. आप्पा शेवटी ओरडले, “सापडना! सापडना!” अहिराणीत म्हणजे ‘सापडला’. उचलून बघतात तर कोणाचा तरी जुना पिवळा पडलेला बॉल. आमच्यातल्या नऊ जणांना लपवलेला बॉल वेळेत मिळाला नाही.

तिथेच खुणेचा विषय निघाला. बॉलवर आपली खूण करा, हे सगळेच सांगतात. सुभेदारांनी न करण्याचा परिणाम दाखवला. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे दोन बॉल, एक पहिला आणि एक प्रोव्हिजनल, दोन्ही एकाच दिशेला गेले. एकच मिळाला, दुसरा हरवला. कोणता कोणता ते सांगता येत नाही. अशा वेळी जो मिळाला तो प्रोव्हिजनल धरला जातो, म्हणजे दंड तुमच्या माथी. कदाचित तो पहिलाच असेल आणि तुम्ही निष्कारण दंड भरत असाल. मी आता पहिल्यावर निळं टिंब आणि प्रोव्हिजनलवर दोन लाल रेघा ठेवतो, आणि प्रोव्हिजनलसाठी वेगळ्या नंबरचा बॉल दुसऱ्या खिशात.

जेवणाबद्दल लिहायलाच हवं. पहिल्या रविवारी पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. दुसऱ्या रविवारी शेवभाजी. भरीत खाऊन दुपारी नियम ऐकायचे म्हणजे डोळे जड होतात, म्हणून जेवण शेवटी ठेवलंय ते बरोबर आहे.

दुसऱ्या रविवारी नाला आणि केळी. हा भाग सगळ्यांत गुंतागुंतीचा, आणि इथे सुभेदारांनी थोडी घाई केली असं माझं मत आहे. केळीच्या कडेने पांढरे खुंट आहेत, म्हणजे पलीकडे आउट ऑफ बाउंड्स, मैदानाच्या हद्दीबाहेर. बॉल पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे असेल तरच बाहेर. जरासा जरी रेषेच्या आत असला तरी आतच. बागवाले ठिबकच्या नळ्या तुटतात म्हणून कोणाला आत सोडत नाहीत, आणि आत जाऊन बॉल सापडला तरी उपयोग नसतोच. तिकडे गेल्याची शंका आली की प्रोव्हिजनल मारा.

नाल्याचं तसं नाही. नाल्याला लाल खुंट आहेत, तो पेनल्टी एरिया, म्हणजे बॉल गेला तर दंड घेऊन बाहेर टाकता येतो असा भाग. बॉल नाल्यातच गेला असं सगळ्यांनी पाहिलं, तर प्रोव्हिजनल मारायची मुभाच नाही. आपण ‘प्रोव्हिजनल’ असं मोठ्याने म्हणून मारला तरी तो खराच बॉल होतो, आणि नाल्याकाठी एका स्ट्रोकच्या दंडात बॉल टाकायची सोय हातची जाते. पण बॉल नाल्यात गेला असेल किंवा अलीकडच्या उंच गवतात हरवला असेल, अशी दोन्ही शक्यता असेल, तर प्रोव्हिजनल चालतो. पुढे जाऊन कळलं की तो नाल्यातच आहे, तर प्रोव्हिजनल सोडून द्यायचा आणि नाल्याच्या नियमाने पुढे जायचं. ‘कळलं’ म्हणजे किती? निदान ९५ टक्के खात्री. धुळ्याच्या एकाने विचारलं, “९५ टक्के मोजायचे कसे?” सुभेदार म्हणाले, “पाण्यात तरंग उठताना दिसला, तर झालं. ‘तिकडेच गेला असणार, दुसरीकडे कुठे जाणार’ एवढ्यावर होत नाही.” हा प्रश्न आणखी अर्धा तास चालायला हवा होता. आमच्यापैकी निदान निम्म्यांच्या डोक्यात लाल आणि पांढरे खुंट त्या दिवशी एकमेकांत मिसळले. तिसरा रविवार ठेवावा आणि फी २,००० करावी, असं मी त्यांना लेखी कळवलंय.

प्रोव्हिजनल किती वेळा मारता येतो, हाही प्रश्न होता. पहिला बॉल जिथे पडला असेल असा अंदाज आहे, त्या जागेपर्यंत येईतो कितीही वेळा. त्या जागेपेक्षा होलच्या जवळ जाऊन प्रोव्हिजनल एकदा मारला की तोच खरा, मग मागे पहिला सापडला तरी तो बाद. यातून एक डावपेच निघतो. पहिला बॉल वाईट झुडपात गेलाय आणि प्रोव्हिजनल होलपाशी जाऊन पडलाय, तर पहिला न सापडणंच सोयीचं. तुम्ही शोधू नका, सरळ प्रोव्हिजनलकडे चालत जा, नियम अडवत नाही. सोबतच्यांना ‘शोधू नका’ अशी विनंतीही करता येते. पण त्यांना शोधायचा हक्क आहे, आणि तुम्ही प्रोव्हिजनल मारायच्या आत त्यांनी बॉल शोधून काढला तर जाऊन तो आपलाच का हे बघावंच लागतं. मला हे आधी पटलं नाही. हरवलेली वस्तू शोधायची, हे माझ्या अंगवळणी पडलंय. पण विचार केल्यावर वाटलं, पहिला बॉल सोडला म्हणजे दंड तर पत्करलाच. त्यात लबाडी काही नाही.

आता काळ्या जमिनीबद्दल, कारण हे कुठल्याही मोठ्या शहराच्या मैदानावर तुम्हाला शिकायला मिळणार नाही. फेब्रुवारी संपताना आमच्याकडे जिथे पाणी देत नाहीत तिथली जमीन उलायला लागते. एप्रिलपर्यंत भेगांत मनगट जातं. तिसऱ्या होलवर ताईंचा बॉल आमच्यासमोर घरंगळत गेला आणि भेगेत दिसेनासा झाला. आप्पा म्हणाले, “आते काय करानं?” सुभेदारांनी मोबाईलची बॅटरी लावून आत बघायला सांगितलं. वीतभर खाली ताईंची हिरवी खूण दिसत होती, हात पोचत नव्हता. हा बॉल हरवलेला नाही. सापडला आणि ओळखला गेला. काढता येत नाही म्हणजे खेळता न येणारा बॉल. एक स्ट्रोकचा दंड घेऊन बाजूला टाकायचा. खूण दिसली नसती, नुसती भेगेत पडल्याची शंका असती, तर ३ मिनिटांनंतर तो हरवलेला, आणि ताईंना टीवर परत जावं लागलं असतं.

पुढची भेग चुन्याने आखलेली होती. मैदानाची समिती एखादी जागा दुरुस्तीखालची जमीन म्हणून आखू शकते. तिथे बॉल गेला तर फुकट सूट, दंड नाही. बॉल दिसला नाही तरी तो तिथेच गेल्याची पक्की खात्री असेल तर तीच सूट. उंदरांनी पोखरलेली बिळंही अशीच, जनावराने खणलेलं बीळ म्हणून सूट मिळते. चुना न आखलेल्या भेगेला मात्र काही नाही. सुभेदारांना माझी विनंती आहे की मार्चपासून दर आठवड्याला नव्या भेगा आखाव्यात. त्या दिवशी दोनच आखलेल्या होत्या आणि उघड्या डझनभर तरी असतील.

त्याच होलवर, वर्गात ठरलेलं नसताना, एक कुत्रं फेअरवेवर थांबलेला बॉल तोंडात धरून पळालं. शेळ्यांमागे असलेल्या पोराने लांबून हाळी दिली, “काका, कुत्रं घेऊन गेलं!” साक्षीदार मिळाला, म्हणून बॉल हरवलेला ठरला नाही. जिथे होता त्या जागी दुसरा ठेवायचा, दंड नाही. त्या निमित्ताने सुभेदारांनी १७४४ साल काढलं. एडिंबराजवळच्या लीथच्या खेळाडूंनी त्या साली जे नियम लिहिले, ते आज हाती असलेले सर्वांत जुने. एकूण १३. त्यातला आठवा असा की बॉल कोणी उचलल्यामुळे किंवा कसाही हरवला, तर मागच्या जागी जाऊन दुसरा टाका आणि या दुर्दैवाबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक स्ट्रोक द्या. पावणेतीनशे वर्षांपूर्वी कुत्र्याने नेलेल्या बॉलचाही दंड भरावा लागायचा. आज उचलून नेलेल्या बॉलचा दंड गेला, हरवलेल्या बॉलचा तसाच राहिला: मागे जा आणि एक स्ट्रोक दे. रेल्वेच्या नियमांची पानं मी किती वेळा बदललेली पाहिली, आणि इथे एक वाक्य जवळपास तसंच्या तसं टिकलंय. मला हे ऐकताना खरोखर भरून आलं.

मागे जायला नको म्हणून एक स्थानिक नियमही २०१९ पासून उपलब्ध आहे, आणि या मैदानाने रविवारच्या साध्या खेळासाठी तो लावलाय. बॉल हरवला किंवा बाहेर गेला, तर २ स्ट्रोक दंड घेऊन, जिथे हरवला त्या अंदाजे जागेच्या आणि जवळच्या फेअरवेच्या दरम्यान टाकायचा, होलच्या जवळ न जाता. टी-शॉट हरवला असेल तर पुढचा चौथा स्ट्रोक. प्रोव्हिजनल आधीच मारला असेल तर ही सोय घेता येत नाही. मोठ्या स्पर्धांत हा नियम लावत नाहीत, त्यामुळे यावर विसंबून प्रोव्हिजनलची सवय सोडू नका, असं माझं आग्रहाने सांगणं आहे.

उणिवा सांगतो. वाटलेले कागद सगळे इंग्रजीत आहेत. आप्पांना शेजारच्याकडून वाचून घ्यावे लागले. ज्या माणसाने अहिराणी वाक्य वहीत बरोबर ठरवलं, त्याने कागद मराठीत काढायलाच हवेत. भाषांतराला मी मदत करायला तयार आहे, हेही त्यांना सांगितलंय. दुसरं, त्यातल्या एका पानावर शोधायची मुदत अजून ५ मिनिटं लिहिलेली होती, जुन्या प्रतीची झेरॉक्स. मी दाखवल्यावर सुभेदारांनी वर्ग थांबवला आणि सगळ्यांच्या कागदावर स्वतः पेनाने ५ खोडून ३ केले, खाली सही केली. चूक सुधारण्याची ही पद्धत मला फार आवडली, पण पुढच्या तुकडीला नवीन प्रत द्यावी. तिसरं, २२ माणसांना एकच स्टॉपवॉच. चौथं, सावली. दुसऱ्या होलपासून पुढे एकही झाड नाही, अकरानंतर ऊन सोसवत नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे पण कडी नीट लागत नाही; ताईंनी हे मला मुद्दाम लिहायला सांगितलं.

शेवटच्या तासाला परत पहिल्या टीवर नेऊन सुभेदारांनी तीच वही उघडली आणि पुन्हा २२ वाक्यं घेतली. या वेळी २० टिकली. माझ्या वाक्याला त्यांनी खूण केली आणि समोर लिहिलं: प्रायव्हेट नंबर मिळाला.

पुढची तुकडी त्यांनी पोळ्यानंतर ठेवली आहे. नवीन असाल तर स्वतःची टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि न पुसणारं पेन आणा, बॉलवर खूण पहिल्याच तासाला करायची असते. महामार्गापासूनचा शेवटचा दीड किलोमीटर खराब आहे, स्कूटर जपून घाला. गाडी लावायला चिंचेखाली जागा आहे, पण ती चारच गाड्यांची. पावणेसातला पोचलात तर मिळेल.